लिओ ब्रायमन : विद्यापीठाबाहेरची तेरा वर्षे



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांनी या शहरातल्या दोन-तीन पिढ्यांना गणिताची गोडी लावली. त्यांच्या वर्गातली उदाहरणे धरणाच्या पाणीसाठ्यातून, बाजारसमितीच्या भावांतून आणि एसटीच्या वेळापत्रकातून यायची. त्यांच्या नावाने बोलायचे, तर विषयही तशाच मातीतला हवा, असे मला वाटले.

मशीन लर्निंग हे दोन शब्द आता रोज कानावर पडतात. कुठल्या कंपनीने काय बाजारात आणले, कुणाची नोकरी जाणार, किती कोटी गुंतले, याच्या बातम्या येत राहतात. मात्र या क्षेत्रातल्या संशोधकाचे आयुष्य कसे जाते, तो प्रश्न कुठून आणतो, त्याने काढलेले उत्तर बरोबर की चूक हे कोण ठरवते, याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. संख्याशास्त्र शिकवताना मला हेच प्रश्न महत्त्वाचे वाटत आले आहेत. म्हणून आज एकाच माणसाच्या कामाबद्दल, जरा निवांतपणे बोलणार आहे. त्यांचे नाव लिओ ब्रायमन. नाव अनेकांना अपरिचित असेल, पण 'रँडम फॉरेस्ट' ही त्यांची पद्धत आज डेटा सायन्स शिकणारा प्रत्येक मुलगा-मुलगी पहिल्याच सत्रात वापरते.

ब्रायमन यांचा जन्म 27 जानेवारी 1928 रोजी न्यू यॉर्कमध्ये झाला आणि बालपण कॅलिफोर्नियात गेले. 1949 साली त्यांनी कॅलटेकमधून भौतिकशास्त्राची पदवी घेतली, पुढच्या वर्षी कोलंबिया विद्यापीठातून गणितात एम.ए. केले आणि 1954 साली बर्कलीला पीएच.डी. पूर्ण केली. मार्गदर्शक होते मिशेल लोएव्ह.

लोएव्ह यांच्या नावाशी आपला एक जुना धागा आहे. सतत बदलणारी, यदृच्छेने हेलकावणारी एखादी राशी मोजक्या मूळ आकारांच्या बेरजेत मांडण्याची जी रीत आहे, तिला जगभर कारहुनेन आणि लोएव्ह यांची नावे जोडली जातात. तीच कल्पना 1943 साली इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी स्वतंत्रपणे मांडली होती. कोसंबी मूळचे गोव्याचे आणि त्या वेळी पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत होते. त्याच सुमारास ते आहत नाण्यांची वजने करून, झिजेवरून त्यांचा काळ लावण्याच्या खटपटीत होते. अमूर्त गणित आणि हातातले नाणे एकाच टेबलावर ठेवणारा माणूस आपल्याकडे होऊन गेला, एवढे येथे नोंदवून पुढे जाते.

तरुण ब्रायमन यांची वाट सुरुवातीला पूर्णपणे अमूर्त गणिताची होती. क्लॉड शॅनन यांनी 1948 साली माहितीशास्त्राचा पाया घातला, ब्रॉकवे मॅकमिलन यांनी 1953 साली त्यातले एक मुख्य प्रमेय अधिक व्यापक केले आणि 1957 साली ब्रायमन यांनी ते आणखी बळकट करून दाखवले. आज ते तिघांच्या नावाने ओळखले जाते. एखाद्या गणितज्ञाला आयुष्यभर पुरेल अशी ही कमाई होती. लॉस एंजेलिसला कॅलिफोर्निया विद्यापीठात ते सात वर्षे संभाव्यताशास्त्र शिकवत होते. त्या विषयावरचे त्यांचे पुस्तक 1968 साली निघाले आणि अजूनही वापरात आहे.

अशा स्थितीत त्यांनी राजीनामा दिला. कायम नोकरी आणि नाव असताना विद्यापीठ सोडून ते पूर्णवेळ सल्लागार झाले. मध्ये युनेस्कोच्या कामासाठी त्यांनी लायबेरियात शाळांची आकडेवारी जमवली, हेही याच वृत्तीतले. कुणाला तरी प्रश्न पडला आहे, त्याच्याकडे आकडे आहेत आणि त्याला उत्तर हवे आहे, असे काम त्यांनी तेरा वर्षे केले. जहाजावरून परतलेल्या रडार-लहरींवरून ते कोणत्या जातीचे जहाज आहे ते सांगा. हाताने पाठवलेला मोर्स संदेश यंत्राला वाचता येईल का ते पाहा. महामार्गावर वाहने तुंबली, तर कारण काय ते तिथल्या तिथे ओळखा. अशी ती कामे होती.

त्यांतल्या दोन कामांबद्दल सविस्तर सांगायला हवे, कारण पुढचे सगळे तिथून निघाले. पहिले काम फसले आणि दुसरे साधले.

पहिले ओझोनचे. 1960 च्या दशकाच्या मध्यानंतर लॉस एंजेलिसच्या खोऱ्यात हवा फार बिघडली. मोटारींच्या धुरातले वायू आणि ऊन यांच्या संयोगाने जमिनीलगत ओझोन तयार होतो. डोळे चुरचुरतात, छाती भरून येते. ओझोनची पातळी ठराविक मर्यादा ओलांडली की इशारा दिला जाई. सर्वांत वरच्या इशाऱ्याला सरकारी नोकरांनी गाडी घेऊन कामावर येऊ नये, मुलांना मैदानावर सोडू नये, असे आदेश निघत. पण इशारा वेळेवर मिळाला तरच त्याचा उपयोग. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने प्रश्न विचारला : बारा तास आधी ओझोनचे भाकीत नेमकेपणाने करता येईल का? हाताशी सात वर्षांच्या नोंदी होत्या. हवामान आणि प्रदूषणाच्या साडेचारशेहून अधिक राशी होत्या, काही रोजच्या, काही तासातासाच्या. ब्रायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या पाच वर्षांचे आकडे समीकरणे बसवण्यासाठी घेतले आणि शेवटची दोन वर्षे बाजूला झाकून ठेवली. त्या काळातली सर्वांत ताकदवान साधने, म्हणजे वर्ग आणि गुणाकारांची पदे घातलेली मोठी रेषीय समीकरणे, त्यांनी वापरली. झाकलेली दोन वर्षे उघडून पाहिली, तेव्हा खोटे इशारे फार येत असल्याचे दिसले. प्रकल्प सोडून द्यावा लागला. अनेक वर्षांनी ब्रायमन यांनी स्वतः लिहिले की आजची साधने घेऊन हे काम पुन्हा करता येत नाही, याची त्यांना खंत वाटते.

या हकिकतीतला एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. शेवटची दोन वर्षे झाकून ठेवली नसती, तर प्रकल्प यशस्वी झाला असे अहवालात लिहिता आले असते. समीकरण ज्या आकड्यांवर बसवले, त्याच आकड्यांवर ते तपासले तर ते नेहमीच देखणे दिसते. साडेचारशे राशी हाताशी असल्या की जुन्या आकड्यांशी जुळणारे काही ना काही सापडतेच. ते पुढच्या वर्षीच्या ओझोनबद्दल खरे बोलेल की नाही, हे फक्त न पाहिलेले आकडे सांगू शकतात. आज मशीन लर्निंगमध्ये चाचणी संच हा शब्द आपण सहज वापरतो. ब्रायमन यांच्या हाती ही शिस्त आली, तेव्हा समोर पैसे देणारा ग्राहक होता आणि खोट्या इशाऱ्याने उद्या घरी बसणारी मुले होती.

दुसरे काम क्लोरीनचे. याच पर्यावरण संस्थेकडे हजारो रासायनिक संयुगांचे नमुने येत. संयुगात क्लोरीन आहे का, हे कळणे महत्त्वाचे, कारण क्लोरीनयुक्त संयुगांत विषारी पुष्कळ असतात. वस्तुमान-वर्णपट ही झटपट होणारी तपासणी. यंत्रात रेणूवर इलेक्ट्रॉनांचा मारा करतात, रेणू फुटतो, तुकडे वस्तुमानाप्रमाणे वेगळे होतात आणि कागदावर शिखरांची रांग उमटते. तुकड्याचे वस्तुमान जिथे, तिथे शिखर. अनुभवी रसायनतज्ज्ञ ही रांग वाचतो. क्लोरीनचे दोन समस्थानिक निसर्गात साधारण तीनास एक या प्रमाणात असतात, एक 35 वस्तुमानाचा आणि दुसरा 37 चा. म्हणून क्लोरीन असेल तर दोन एककांच्या अंतरावर एक मोठे आणि एक छोटे असे जोडशिखर दिसते. तरीही मोठ्या रेणूंमध्ये तुकड्यांची अशी गर्दी होते की खूण हरवते. रोज येणारे शेकडो वर्णपट वाचायला इतके तज्ज्ञ आणायचे कुठून?

ओळखीच्या सुमारे 30,000 संयुगांचे वर्णपट उपलब्ध होते. अडचण अशी की प्रत्येकाची लांबी वेगळी. काहींत तीसच आकडे, काहींत दहा हजारांवर. ज्या संख्याशास्त्रीय पद्धतींना प्रत्येक नमुन्यामागे तेवढेच आणि त्याच क्रमाने रकाने लागतात, त्या इथे हात टेकतात. ब्रायमन आणि सहकाऱ्यांनी रसायनतज्ज्ञाला बरोबर घेतले आणि वर्णपटाला विचारता येतील असे सुमारे दीड हजार हो-नाही प्रश्न तयार केले. इतक्या अंतरावर जोडशिखर आहे का? अमुक शिखर सर्वांत उंच आहे का? मग यातला कोणता प्रश्न आधी विचारायचा, त्याच्या उत्तरावरून पुढचा कोणता, हे ठरवण्याचे काम संगणकावर सोपवले. 25,000 संयुगांवर प्रश्नांची ही फांद्याफांद्यांची रचना घडवली आणि 5,000 झाकलेल्या संयुगांवर तपासली. क्लोरीन असलेली आणि नसलेली, दोन्ही प्रकारची संयुगे ओळखण्यात तिची अचूकता सुमारे 95 टक्के निघाली.

ही रचना म्हणजे निर्णयवृक्ष. ब्रायमन 1980 साली बर्कलीच्या संख्याशास्त्र विभागात परत आले, तेव्हा सल्लागारीच्या काळात घडवलेले हे हत्यार त्यांच्याबरोबर आले. जेरोम फ्रीडमन, रिचर्ड ओल्शेन आणि चार्ल्स स्टोन यांच्यासह 1984 साली त्यांनी 'क्लासिफिकेशन अँड रिग्रेशन ट्रीज' हे पुस्तक काढले. निर्णयवृक्ष कुठे थांबवायचा, कोणत्या फांद्या छाटायच्या, त्याच्या चुकीचा प्रामाणिक अंदाज कसा काढायचा, याचे शास्त्र त्यात आहे. कार्ट या आद्याक्षरी नावाने ते आजही ओळखले जाते.

त्या पुस्तकाच्या सुरुवातीला एक उदाहरण आहे. माझ्या विद्यार्थ्यांना मी दरवर्षी ते फळ्यावर काढून दाखवते. सॅन दिएगोच्या विद्यापीठ रुग्णालयात हृदयविकाराचा झटका येऊन दाखल झालेल्या रुग्णांपैकी कुणाच्या जिवाला पुढचे तीस दिवस धोका आहे, हे पहिल्या चोवीस तासांत ओळखायचे होते. 215 रुग्णांची नोंद होती, प्रत्येकाची एकोणीस मोजमापे. त्यातून निघालेल्या वृक्षात फक्त तीन प्रश्न उरले. चोवीस तासांतला किमान वरचा रक्तदाब 91 च्या वर राहिला का? नसेल तर धोका मोठा. असेल तर वय साडेबासष्टच्या वर आहे का? नसेल तर धोका कमी. असेल तर हृदयाचे ठोके जलद पडण्याचा अमुक प्रकार दिसतो का? दिसला तर धोका मोठा. बस्स. रात्रपाळीच्या परिचारिकेला हे कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून खिशात ठेवता येते. एकोणीस मोजमापांतली सोळा गळून पडली आणि जे राहिले ते डॉक्टरांना पटण्यासारखे होते.

वृक्षाची ही सोपी मांडणी सर्वांना आवडली. ब्रायमन यांना मात्र तिच्यातली एक खोट स्वस्थ बसू देईना. आकड्यांत जरासा बदल केला, चार रुग्ण काढले, पाच घातले, की वृक्षाचा आकारच बदलतो. पहिलाच प्रश्न वेगळा निघाला की खालच्या साऱ्या फांद्या वेगळ्या होतात. वाचायला इतका सोपा वृक्ष, पण त्याच्या आकारावर भरवसा ठेवता येत नाही.

यावरचा उपाय त्यांना सापडला तो निवृत्तीनंतर. बर्कलीतून ते 1993 साली निवृत्त झाले. बॅगिंगचा निबंध 1996 चा आणि रँडम फॉरेस्टचा 2001 चा, म्हणजे तेव्हा त्यांचे वय 73. मशीन लर्निंग हा विशी-तिशीतल्यांचा खेळ आहे असे मानणाऱ्यांनी या तारखा लक्षात ठेवाव्यात.

बॅगिंगची युक्ती थोडी जवळून पाहू. शंभर रुग्णांच्या नावाच्या चिठ्ठ्या एका डब्यात आहेत. एक चिठ्ठी काढायची, नाव लिहून घ्यायचे आणि चिठ्ठी परत टाकायची. असे शंभर वेळा. काही नावे दोन-तीनदा येतील, काही येणारच नाहीत. साधारणपणे 63 वेगवेगळी नावे यादीत येतात आणि 37 सुटतात. ब्रॅडली एफ्रन यांनी 1979 साली बूटस्ट्रॅप या नावाने ही पुनर्निवड संख्याशास्त्रात रूढ केली होती. ब्रायमन यांनी अशा शेकडो याद्या काढल्या, प्रत्येक यादीवर एक वृक्ष वाढवला आणि नव्या रुग्णाबद्दल सर्व वृक्षांचे मत घेतले. एकेक वृक्ष डळमळीत, पण सर्वांचे बहुमत स्थिर. आणि जे 37 सुटले, ते त्या वृक्षाने पाहिलेलेच नाहीत. म्हणून तेच त्याचे परीक्षक. वेगळा संच राखून न ठेवताही प्रत्येक वृक्षाची न पाहिलेल्या नमुन्यांवर परीक्षा होते. ओझोनच्या प्रकल्पात झाकून ठेवलेली ती दोन वर्षे आता पद्धतीच्या पोटातच येऊन बसली.

रँडम फॉरेस्टमध्ये त्यांनी आणखी एक पाऊल टाकले. प्रत्येक फाट्यावर सगळ्या राशी न तपासता मोजक्याच, त्याही यदृच्छेने निवडलेल्या राशींतून प्रश्न शोधायचा. त्यामुळे वृक्ष एकमेकांच्या नकला होत नाहीत आणि त्यांच्या चुका एकाच दिशेने जात नाहीत. ही कल्पना एकट्या ब्रायमन यांची नव्हे. टिन काम हो यांनी 1995 साली आणि याली अमित व डोनाल्ड जेमन यांनी 1997 साली याच्या जवळचे काम केले होते. ब्रायमन यांनी त्याला सिद्धान्ताची बैठक दिली आणि एडेल कटलर यांच्यासह प्रत्यक्ष वापरता येईल अशी आज्ञावली घडवून लोकांसमोर ठेवली. मग ती कुठे कुठे गेली! 2010 साली बाजारात आलेला मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट कॅमेरा समोरच्या माणसाचे हात, कोपर, गुडघे ओळखत होता, त्यामागे असेच वृक्षांचे रान होते. प्रत्येक बिंदू शरीराच्या 31 भागांपैकी कोणत्या भागातला, हे ते ठरवत होते. उपग्रहाच्या चित्रावरून ऊस कुठे, सोयाबीन कुठे, पडीक कुठे, असे वर्गीकरण करणाऱ्यांच्या हाती तर आज बहुधा पहिले साधन हेच असते.

2001 साली ब्रायमन यांनी आणखी एक निबंध लिहिला, 'स्टॅटिस्टिकल मॉडेलिंग : द टू कल्चर्स'. संख्याशास्त्रज्ञ त्यावर अजून वाद घालतात. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. निसर्ग आत काय करतो, हे आपल्याला दिसत नाही. एका बाजूने राशी आत जातात, दुसऱ्या बाजूने निष्पत्ती बाहेर येते. बहुसंख्य संख्याशास्त्रज्ञ मधल्या यंत्रणेचे एक सुटसुटीत समीकरण गृहीत धरतात आणि मग समीकरणाबद्दलचे निष्कर्ष निसर्गाबद्दलचे म्हणून सांगतात. ब्रायमन यांच्या अंदाजाने असे 98 टक्के होते. उरलेले दोन टक्के मधली यंत्रणा अज्ञात मानतात आणि भाकीत किती बरोबर आले, यावरून पद्धतीची पारख करतात. आपल्या विषयाने पहिल्या मार्गाला इतके वाहून घेतले की रंजक प्रश्न दुसऱ्या शाखांतले लोक घेऊन गेले, असा त्यांचा आरोप होता. तो आरोप तेरा वर्षे बाहेर राहून आलेल्या माणसाचा होता आणि मला तो बहुतांशी मान्य आहे.

त्या निबंधावर सर डेव्हिड कॉक्स यांनी प्रत्युत्तर दिले, एफ्रन यांनीही दिले. एफ्रन यांना काळजी होती ती शास्त्रीय समजेची. कॉक्स यांचा मुद्दा मला अधिक खोल वाटतो. ब्रायमन आकड्यांपासून सुरुवात करतात. मी प्रश्नापासून करीन, असे त्यांचे म्हणणे होते. आकडे कसे जमले, मोजमाप कितपत चांगले, याची त्यांना चिंता होती. हा मुद्दा महाराष्ट्रात नवा नाही, आणि त्याचे श्रेय पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांना आहे.

सुखात्मे 1911 साली सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मले, फर्ग्युसनमध्ये शिकले, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून 1936 साली पीएच.डी. घेऊन आले. भारतीय कृषी संशोधन परिषदेत असताना त्यांनी पीक-उत्पादनाचा अंदाज नमुना पाहणीने कसा काढावा, याची घडी बसवली. शेत यदृच्छेने निवडायचे, त्यात एक तुकडा यदृच्छेने आखायचा, तेवढेच पीक कापायचे, मळायचे, तोलायचे. पीक कापणी प्रयोग आपल्या गावांत आजही होतो. त्या काळी प्रशांतचंद्र महालनोबिस बंगालमध्ये लहान तुकड्यांच्या कापणीवर भर देत होते, कारण वेळ आणि खर्च वाचतो. सुखात्म्यांनी हरकत घेतली. 'नेचर' साप्ताहिकात 1946 साली त्यांचे टिपण आले : लहान तुकडा उत्पादन वाढवून दाखवतो.

का वाढवून दाखवतो, हे शेतात उभे राहिले की कळते. दोरी ताणली की काही ताटे दोरीवरच येतात. आत धरायची की बाहेर? कापणाऱ्याचा हात बहुधा आत घेण्याकडे झुकतो. एक मीटर लांब-रुंद तुकड्यात एक चौरस मीटर पिकामागे चार मीटर कड असते. दहा बाय पाच मीटरच्या तुकड्यात 50 चौरस मीटरला 30 मीटर कड, म्हणजे चौरस मीटरमागे जेमतेम 60 सेंटिमीटर. तुकडा लहान, तितका कडेवरच्या ताटांचा घोळ मोठा. आणि ही चूक एकाच बाजूची आहे. हजार तुकडे कापले तरी सरासरीत ती विरून जात नाही.

आता हे आजच्या कामाशी जोडते. प्रधानमंत्री पीक विमा योजना 2016 साली सुरू झाली. आपल्याकडे महसूल मंडळ हा घटक धरून पीक कापणी प्रयोगांतून मंडळाचे उत्पादन काढतात. ते उंबरठा उत्पादनाच्या खाली गेले तर भरपाई. 2023 पासून या योजनेत उपग्रह आणि हवामानाच्या माहितीवर चालणाऱ्या उत्पादन-अंदाजाला, येस-टेक या नावाने, जागा मिळाली. भात आणि गहू या पिकांसाठी त्याला किमान 30 टक्के वजन द्यायचे ठरले. म्हणजे मशीन लर्निंग शेतकऱ्याच्या बँक खात्यापर्यंत पोहोचले. या पद्धती शिकतात कशावर? बरोबर उत्तर म्हणून त्यांना काय दाखवले जाते? पीक कापणी प्रयोगाचेच आकडे. प्रयोगात ताट आत धरले असेल, तर यंत्रही ताट आत धरायला शिकते. चाचणी संचही त्याच प्रयोगांतून आलेला असल्याने परीक्षेत ते उत्तम गुणांनी पास होते. ब्रायमन यांची झाकलेली दोन वर्षे इथे अपुरी पडतात, कारण झाकलेले आणि उघडे दोन्ही आकडे एकाच दोरीने मोजलेले आहेत.

येथे माझा ब्रायमन यांच्याशी मतभेद आहे, तो स्पष्ट सांगते. भाकीत बरोबर येते का, हीच पहिली कसोटी, हे मला मान्य. पण ती वापरताना दोन गोष्टी धरून चालाव्या लागतात : आकडे खरे आहेत आणि चुकीचा भार कुणाला सोसावा लागतो ते आपल्याला ठाऊक आहे. रडारच्या लहरींवरून जहाज ओळखताना यंत्राने कारण सांगितले नाही तरी चालेल. उत्पादन फुगून दिसले म्हणून ज्याची भरपाई हुकली, त्या शेतकऱ्याला मात्र कारण मागण्याचा हक्क आहे. 'पाचशे वृक्षांचे बहुमत' हे उत्तर त्याला देता येत नाही. ब्रायमन यांनाही याची जाण होती, असे मी मानते. रँडम फॉरेस्टमध्ये कोणती राशी किती महत्त्वाची, हे मोजण्याची रीत त्यांनीच घातली : एका राशीचे आकडे रुग्णारुग्णांत उलटसुलट करायचे आणि भाकीत किती बिघडते ते पाहायचे. पण रान कुठल्या राशीवर टेकले आहे, इतकेच त्यातून कळते. या शेताचा निकाल असा का लागला, हे कळत नाही.

एवढे बोलून झाल्यावर विद्यार्थ्यांसाठी कारकिर्दीबद्दल चार शब्द. संशोधक म्हणून नेमणूक आणि बढती आपल्याकडे प्रामुख्याने निबंधांच्या संख्येवर होते. मशीन लर्निंगमध्ये ही ओढ फारच जोराची आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी कुणीतरी तयार करून ठेवलेला संच घ्यायचा, त्यावरची अचूकता अर्ध्या टक्क्याने वाढवायची, निबंध पाठवायचा. यातून कौशल्य येते, ते मी कमी लेखत नाही. पण त्या संचातला प्रश्न दुसऱ्याने विचारलेला असतो आणि आकडेही दुसऱ्यानेच मोजलेले. ब्रायमन यांची सल्लागारीची तेरा वर्षे विद्यापीठाच्या हिशेबात जवळपास शून्य भरली असती. त्या वर्षांत त्यांना क्लोरीनचा रसायनतज्ज्ञ भेटला, दीड हजार प्रश्न मिळाले आणि ओझोनचे अपयश मिळाले. पुढच्या वीस वर्षांचे सगळे सिद्धान्तकार्य त्या पुंजीवर उभे आहे. बर्कलीने त्यांना 1980 साली परत घेतले, हे मला ब्रायमन यांच्या धाडसाइतकेच मोलाचे वाटते. आपल्या विद्यापीठांचे दार बाहेर जाणाऱ्याला उघडे असते. तेरा वर्षांनी परत येणाऱ्याला ते उघडे ठेवायचे असेल, तर नेमणुकीचे नियम बदलावे लागतील, आणि ते बदलणारे काही जण आज या सभागृहात आहेत.

ब्रायमन 5 जुलै 2005 रोजी गेले. शेवटपर्यंत ते कटलर यांच्यासह रँडम फॉरेस्टच्या आज्ञावलीवर काम करत होते.

एक ठोस सूचना करते. संख्याशास्त्र, संगणकशास्त्र आणि कृषी या तीन शाखांच्या विद्यार्थ्यांनी मिळून एक महसूल मंडळ निवडावे. पीक कापणी प्रयोगांच्या वेळी कृषी, महसूल आणि ग्रामविकास खात्यांच्या कर्मचाऱ्यांबरोबर शेतात जावे. दोरीवर आलेली ताटे वेगळी बांधून वेगळी तोलावीत, म्हणजे सुखात्म्यांच्या आक्षेपाचे आजचे माप मिळेल. उपग्रहाच्या चित्रांवरून काढलेला अंदाज कापणीच्या आधी लिहून पाकिटात बंद करावा आणि ते पाकीट ग्रामपंचायतीत ठेवावे. कापणी झाल्यावर सर्वांसमक्ष उघडावे. चुकला तर किती चुकला, कोणत्या शेतांत चुकला, कोरडवाहूत की बागायतीत, हे शेतकऱ्यांसमोर बसून पाहावे आणि त्यांना काय वाटते ते लिहून घ्यावे. पुढच्या हंगामात तेच मंडळ, तेच पाकीट. यासाठी लागणारी उपग्रहाची चित्रे मोफत मिळतात, रँडम फॉरेस्टची आज्ञावली मोफत मिळते. दोरी, वजनकाटा आणि प्रवासखर्च एवढा जमवावा लागेल. त्याचा वाटा उचलण्याची तयारी या व्याख्यानमालेच्या विश्वस्तांनी मला आधीच कळवली आहे. मंडळ कोणते घ्यायचे, ते खरिपाच्या पेरणीआधी ठरवू.